सुपरकॉम्प्युटरवरही पाणीपाळीच! चालू कामावर नजर कशी ठेवायची?

पुणे : कॅनॉलच्या पाळीत वरच्या शेतकऱ्याने ८ तास धरून ठेवले अन् रान ३ तासांतच भिजले, तर टेलचा माणूस उगाच ताटकळतो. सुपरकॉम्प्युटरवरही तसेच होते.

पुण्याच्या आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ म्हणजे एकमेकांना जोडलेले अनेक कॉम्प्युटर. अशा यंत्रावर विद्यार्थी, संशोधक आपले काम रांगेत लावतात. किती कोअर, किती मेमरी, किती वेळ लागणार, हे आधीच सांगायचे. ‘स्लर्म’ नावाचे सॉफ्टवेअर पाळी लावते. एकदा दिलेली मेमरी वापरली नाही तरी काम संपेपर्यंत सहसा दुसऱ्याला मिळत नाही.

म्हणून काम चालू असतानाच बघावे. ‘एस-क्यू’ ही कमांड काम रांगेत आहे की चालू, आणि कोणत्या कॉम्प्युटरवर, ते सांगते. ‘एस-स्टॅट’मध्ये आतापर्यंत जास्तीत जास्त किती मेमरी लागली ते दिसते. काम संपल्यावर तोच हिशेब ‘एस-अॅक्ट’ देते.

समजा, ६४ जीबी मागितली आणि लागली ९. तर पुढच्या वेळी १२ मागावी. नंबरही लवकर लागू शकतो. ४० कोअर घेतले अन् प्रोग्राम एकावरच चालला, तर ३९ रिकामे बसतात.

पण फार कमी मागणेही महागात पडते. मेमरी किंवा वेळेची मर्यादा ओलांडली की काम मध्येच बंद पाडले जाते आणि दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाऊ शकते.

खेड्यातून शिकायला गेलेल्या पोरांनी पहिले काम लहानच लावावे, वापर मोजावा, मग त्याहून थोडेच जास्त मागावे.