दहिसर नदीच्या उगमाकडे

बोरिवली स्टेशनवरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की जंगल लागतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगून पटत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. दहिसर नदी इथल्याच तुळशी तलावातून निघते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांबद्दल, तिथल्या पाण्याच्या टाक्यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी गेलो होतो ते नदीसाठी.

प्रवेशद्वारापाशी सायकल भाड्याने मिळते. कान्हेरीपर्यंतचा सहाएक किलोमीटरचा रस्ता डांबरी आहे. शेवटच्या चढावर मात्र उतरून सायकल ढकलावी लागली. पाण्याच्या काठाने जाणारी शिलोंड्याची वाट पायीच करायची, तीही वनखात्याची परवानगी काढून, वाटाड्याबरोबर. बिबट्याचं घर आहे, हा नियम योग्यच आहे. पावसाळा नुकताच सरला होता. खडकांतून पाणी खळाळत होतं आणि तळाचा गोटा न् गोटा दिसत होता.

परतताना एका पाड्यावर पाणी प्यायला थांबलो. तिथल्या वारली आजोबांनी घराची जुनी भिंत दाखवली. कारवीच्या काठ्या एकीला एक लावून उभ्या केलेल्या, आडव्या कामट्यांना बांधलेल्या, वरून शेणमातीचा लेप. एका कोपऱ्यात लेप पडला होता, तिथे आतल्या काठ्या बोटभर जाडीच्या दिसत होत्या. "हा कूड उन्हाळ्यात गार राहतो," भिंतीवर तळवा ठेवत आजोबा म्हणाले. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळते. कोणती काठी भिंतीला चालेल, हे आजोबांना हात लावताच कळतं. शेजारची घरं आता विटांची, वर पत्रा. कूड बांधायला शिकणारं पाड्यात कोणी उरलं नाही, असं ते सांगत होते.

संध्याकाळी दहिसरच्या पुलावरून तीच नदी पाहिली. काठाला भिंती, पाणी काळं, तबेल्यांचं शेण आणि नाल्यांचं सांडपाणी त्यातच. काही किलोमीटरांत नदीची ही दशा होते आणि ती आपणच केलेली आहे.

उद्यान सोमवारी बंद असतं. एरवी एखाद्या सकाळी मुलांना घेऊन जा आणि आधी आतली नदी दाखवा. मग पुलावरही न्या. नदी मुळात अशी नव्हती, हे त्यांना कळलंच पाहिजे.