मेळ्यात मोजलेले मासे

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. मूळचे रत्नागिरीकडचे. लहानपणी खाडीवर गरवायला जायचे, ती ओढ साता समुद्रापलीकडे गेल्यावरही सुटलेली नाही. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून ते तिथल्या मासेमारीच्या बोटीवर जातात. ते लिहितात, 'जून-जुलैत किनाऱ्यापासून फार लांब जावंच लागत नाही. वाळूच्या पट्ट्यावर बोट उभी करतात. गळ तळाला टेकतो न टेकतो तोच मासा ओढ घेतो. बोटीवरच्या सगळ्यांचा तोच अनुभव. तरीही माणशी पाचच मासे न्यायचे, तेही चौदा इंच किंवा त्याहून मोठे. मासा एवढा उदंड असताना ही बंधनं कशाला?'

प्रश्न रास्त आहे. त्याच्या पोटात मत्स्यविज्ञानातली सव्वाशे वर्षांची एक सुंदर गोष्ट दडलेली आहे, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो.

हा मासा म्हणजे बार्ड सँड बास. आपल्याकडच्या हेकरू-गोबऱ्यांच्या गणगोतातला. करड्या अंगावर उभे काळपट पट्टे, मोठं तोंड, आणि हातात घेऊन उन्हात धरला तर गालावर बारीक सोनेरी ठिपके दिसतात. कॅलिफोर्नियात तो बाजारात विकायला १९५३पासून बंदी आहे. म्हणजे त्याला धरतात ते फक्त हौसेने, घरी खाण्यासाठी. वर्षातले बरेच महिने तो खडक आणि वाळू जिथे भेटतात तिथे पांगलेला असतो. उन्हाळा आला की मात्र सगळे निघतात आणि ठरलेल्या वाळूच्या मैदानांवर जमतात. त्यातलं सर्वांत नावाजलेलं मैदान म्हणजे हंटिंग्टन बीचसमोरचं, हंटिंग्टन फ्लॅट्स. तिथे अंडी घालायला हजारोंनी मेळा भरतो. खुणेच्या पट्ट्या लावून सोडलेले मासे पुढच्या वर्षांतही त्याच मैदानावर सापडले आहेत. माशांना वाट ठाऊक असते, आणि बोटवाल्यांनाही.

आता समजा, महाराष्ट्राची लोकसंख्या किती आहे हे कुणाला शोधायचंय आणि त्यासाठी तो दरवर्षी आषाढी एकादशीला पंढरपुरात, चंद्रभागेच्या वाळवंटात उभा राहतो. हात पसरायला जागा नाही. माणसाला माणूस खेटून उभा आहे. तो वहीत लिहितो, 'लोक भरपूर.' पुढच्या वर्षी शंभर गावं ओस पडली. तरी एकादशीला वाळवंट भरलेलंच, कारण जे उरलेत ते सगळे इथेच येणार, आणि उभं राहायचं तर देवळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं. वहीत पुन्हा 'भरपूर'. आणखी चार जिल्हे रिकामे झाले, तरी गर्दीच्या मध्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाला खांद्याला खांदा लागणारच. गर्दी कमी झाली ती कडांवर, आणि कडांवर कुणी मोजत नाही. वहीतला आकडा हलतो तो अगदी शेवटी, आणि मग एकदम कोसळतो.

हे मैदानावरच्या माशांना जसंच्या तसं लागू होतं. एकूण मासे निम्म्यावर आले तरी मेळ्याच्या मध्यावर ते तितकेच दाट असतात आणि बोट नेमकी मध्यावर उभी असते. गळाला मासा लागण्याचा वेग तोच राहतो. मत्स्यशास्त्रात याला हायपरस्टॅबिलिटी म्हणतात: साठा घटत असतानाही पकड स्थिर दिसणं. पत्रलेखकांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. फक्त तो अनुभव समुद्राचा नाही, मेळ्याचा आहे.

ही गोष्ट कळायला माणसाला फार वेळ लागला. आणि तिच्या वाटेवर एक माणूस उभा आहे, ज्याचं नाव मला शाळा-कॉलेजात कुणी सांगितलं नाही. याची मला खंत वाटते.

त्याच्याकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ. १८८३मध्ये लंडनला मोठं मत्स्यप्रदर्शन भरलं होतं. तिथे थॉमस हेन्री हक्सली बोलले. डार्विनचे खंदे पाठीराखे, त्या काळातले सर्वांत वजनदार जीवशास्त्रज्ञ. कॉड, हेरिंग, मॅकरेल आणि बहुधा समुद्रातल्या सगळ्याच मोठ्या मासेमाऱ्या कधी न संपणाऱ्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा युक्तिवाद वरवरचा नव्हता. कॉडची एक मादी लाखो अंडी घालते, निसर्गातले शत्रू माणसाच्या कितीतरी पट मासे फस्त करतात, मग माणसाच्या जाळ्यांनी काय फरक पडणार? नदीतला सामन आणि किनाऱ्यावरची कालवं संपू शकतात, हे त्यांना मान्य होतं. शिवाय 'आजच्या मासेमारीच्या पद्धती पाहता' अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. पण थोरांची विधानं लक्षात राहतात, पुस्त्या गळून पडतात. बोटींवर वाफेची इंजिनं तेव्हा येऊ लागलीच होती.

सतरा वर्षांनी, १९००मध्ये, वॉल्टर गार्स्टँग नावाच्या तिशीतल्या शास्त्रज्ञाने एक निबंध छापला: समुद्र कंगाल होतोय, अशा अर्थाच्या शीर्षकाचा. इंग्लंडच्या बंदरांत दरवर्षी उतरणारी मासळी तर वाढत होती. मग कंगाल कसा? गार्स्टँगनी विचारलं, मासळी किती आली हे ठीक, पण ती आणायला किती बोटी लागल्या? त्यांनी शिडाच्या एका बोटीला माप मानलं. वाफेची एक बोट म्हणजे शिडाच्या किमान चार बोटी, असा हिशेब धरला आणि १८८९ ते १८९८ ही दहा वर्षं या मापाने भागून काढली. उत्तर आलं ते चकित करणारं होतं. दर बोटीमागे मिळणारी मासळी दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली होती. एकूण आकडा वाढत होता तो केवळ समुद्रावर जास्त शक्ती ओतली जात होती म्हणून.

किती साधा भागाकार! पण तो आधी कुणी केला नव्हता. आज जगातल्या प्रत्येक मत्स्यखात्यात 'कष्टामागे पकड' हा आकडा काढतात, त्याची मुळं इथे आहेत. पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातली मासेमारी थंडावली आणि नंतर बोटी परत गेल्या तेव्हा जाळ्यांत पूर्वीपेक्षा मोठे आणि जास्त मासे आले. गार्स्टँगचं म्हणणं समुद्रानेच खरं करून दाखवलं. पुढे ते लीड्सला प्राध्यापक झाले. समुद्री जीवांच्या पिल्लांवर, म्हणजे त्यांच्या डिंभांवर, ते कविता करत. त्यांचं पुस्तक ते गेल्यानंतर १९५१मध्ये निघालं. प्राणिशास्त्रवाल्यांना गार्स्टँग आठवतात ते त्या कवितांमुळे. माझ्या मते त्यांचं थोर काम तो भागाकार आहे.

आणि आता आपल्या सँड बासची गंमत अशी, की हा मासा गार्स्टँगच्या भागाकारालाही चकवतो. दर बोटीमागे, दर गळामागे मासे मोजले तरी मेळ्यावर उत्तर 'भरपूर' असंच येतं. कॅलिफोर्नियातल्या हौशी मासेमारीच्या बोटी १९३०च्या दशकापासून नोंदवह्या भरतात. इतकी जुनी नोंद जगात फार थोड्या ठिकाणी असेल. तरी त्या वह्यांवरून धोक्याची घंटा वेळेवर वाजली नाही.

मग कळलं कसं? गळाशी काही संबंध नसलेल्या जागांवरून. किनाऱ्यावरची वीजकेंद्रं यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी ओढून घेतात. त्या पाण्याबरोबर मासेही आत येतात आणि अडकतात. वीजकेंद्रांना ते मोजावे लागतात: जात कोणती, किती, केवढा. हे काम दशकानुदशकं चालू होतं, मासेमारीच्या नियमांसाठी नव्हे, वीजकेंद्रांचा पर्यावरणावर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठी. पण विचार करा, तो पाइप किती प्रामाणिक मोजणारा आहे! तो मेळा शोधत फिरत नाही, तो उन्हाळ्याची वाट पाहत नाही. बारा महिने एकाच जागी बसून जे येईल ते मोजतो. पंढरपुरात नव्हे, एखाद्या आडगावच्या एसटी थांब्यावर बसून माणसं मोजण्यासारखं. जोडीला पाणबुडे होते. ठरलेल्या खडकांवर जाऊन वर्षानुवर्षं डोळ्यांनी मासे मोजणारे.

२०११मध्ये ब्रॅड एरिसमन आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या. पाइप आणि पाणबुड्यांची रेषा खाली खाली जात होती. मेळ्यावरच्या गळांची रेषा मात्र बराच काळ आडवी. सँड बास आणि त्याचा भाऊबंद केल्प बास, दोघांचीही हीच कथा. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी याला मुबलकतेचा भास म्हटलं आहे. त्यानंतर १ मार्च २०१३पासून नियम बदलला: माणशी दहा माशांऐवजी पाच, किमान लांबी बारा इंचांऐवजी चौदा. पत्रलेखकांना खुपणारी बंधनं ती हीच.

या बंधनांविरुद्ध बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे मला वजनदार वाटतात. पहिला पाण्याच्या तापमानाचा. सँड बासला उबदार पाणी मानवतं. उबदार वर्षांत पिल्लं जास्त जगतात. तेव्हा घट झाली त्यात समुद्राचा वाटा किती आणि गळाचा किती, हे तराजूत घालून सांगता येत नाही. एरिसमन यांनीही दोन्ही कारणं सांगितली आहेत. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. शेतकऱ्याच्या हातात पाऊस नसतो, म्हणून तो बियाण्याचं धान्य दळून खात नाही. थंड वर्षं येणार असतील तर त्यांत टिकायला म्हातारे, मोठे मासे शिल्लक हवेत. सँड बास वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते.

दुसरा मुद्दा जास्त अवघड. माणशी पाच हा नियम माणसाला बांधतो, माशांच्या एकूण मरणाला नाही. बोटी दुप्पट झाल्या तर पकडही दुप्पट होते. बहुतेकांना दिवसात चारच मासे मिळत असतील तर पाचची मर्यादा कागदावरच राहते. आणि लहान म्हणून परत सोडलेला मासा जगतोच असं नाही. वीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथून मासा भरकन वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी, वाताशय, तिप्पट फुगते. पोट टम्म, डोळे बाहेर. पाण्यात सोडला तर खाली जाता येत नाही, पाठीवर तरंगत राहतो आणि समुद्रपक्षी त्याला टिपतात. वजन लावलेल्या आकड्याने त्याला पुन्हा तळाशी नेऊन सोडलं तर तो बऱ्याचदा वाचतो. हे दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणून माझं मत असं, की पाचची मर्यादा योग्य आहे, पण खरं संरक्षण संख्येत नाही, वेळेत आहे. मेळ्याचे महिने सांभाळले तर वर्षभर थोडी मोकळीक देता येते. हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि कायदा नव्हता तेव्हाही होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या असत. खवळलेला समुद्र हे कारण होतंच. पण त्याच महिन्यांत कितीतरी जाती अंडी घालतात, त्यांनाही उसंत मिळायची.

तरी मेळ्याचा भास आपल्यालाही होतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना एका फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि बोतासकट, म्हणजे वाताशयासकट, त्यांचे सव्वा कोटीच्या वर पैसे झाले. बातम्यांमध्ये 'लॉटरी' हा शब्द होता. त्या कुटुंबांचा आनंद खरा आणि हक्काचा होता. पण एका जाळ्यात दीडशे घोळ सापडले म्हणजे समुद्रात घोळ मुबलक आहे, असं कुणी म्हटलं तर ते चंद्रभागेच्या वाळवंटातलं मोजमाप झालं.

आणि हक्सलींनी नाव घेतलेला कॉड? कॅनडाच्या न्यूफाउंडलंडसमोर तो शेवटपर्यंत जाळ्यांत दाटीने येत राहिला, कारण उरलेले मासे एकत्र गोळा झाले होते. २ जुलै १९९२ रोजी सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांवर माणसं एका दिवसात बेकार झाली. बंदी येईपर्यंत साठा जवळपास संपलेला होता. तिथे मर्यादा नव्हती असं नाही. मर्यादा होती, ती भरलेल्या जाळ्यांकडे बघून ठरवलेली होती.

तेव्हा पत्रलेखकांना उत्तर: होय, मुबलक माशाला मर्यादा हवी, आणि ती मुबलक दिसत असतानाच हवी. पुढच्या वेळी बोट धक्क्याला लागेल तेव्हा हातात पाटी आणि मोजपट्टी घेतलेला एखादा तरुण किंवा तरुणी तुमच्याजवळ येईल आणि मासे मोजू द्याल का म्हणून विचारेल. घरी जायची घाई असेल, उन्हाने अंग भाजलेलं असेल. तरी थांबा आणि पिशवी उघडून दाखवा. किती मासे परत सोडले तेही सांगा. ती संख्या तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच माहीत नसते.