समुद्राची साक्ष आणि जहाजावरची उलटतपासणी

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की आम्ही वकील पहिला प्रश्न विचारतो, 'हे तुम्हाला कसे माहीत?' ऐकीव गोष्ट पुराव्यात धरली जात नाही. समुद्राबाबत मात्र आपल्याकडे ऐकीव बोलणेच फार. मासळी का घटली, असे विचारले की कोणी ट्रॉलरला दोष देतो, कोणी कारखान्यांच्या सांडपाण्याला, कोणी नशिबाला. यातली काही कारणे खरीही असतील. परंतु आपल्या अरबी समुद्राच्या पोटात पाण्याचा एक प्रचंड थर असा आहे की त्यात प्राणवायू जवळपास नाहीच. हे कोणी अंदाजाने सांगितलेले नाही. जहाजे नेऊन, पाणी वर काढून, मोजून सिद्ध केलेले आहे.

ते मोजतात कसे? संशोधन जहाज ठरलेल्या जागी थांबते. पोलादी दोरावरून एक गोल सांगाडा पाण्यात सोडला जातो. त्यावर कडेने १२ किंवा २४ लांब नळकांडी बसवलेली असतात, दोन्ही तोंडे उघडी. तळाशी 'सीटीडी' नावाचे यंत्र असते. ते पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजते. दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, त्यावरून खोली कळते. पाणी जितके खारे तितकी वीज अधिक वाहते; पण वाहकता तापमानाने आणि दाबानेही बदलते, म्हणून तिन्ही आकडे मिळून क्षारता काढावी लागते. प्राणवायूचा संवेदक वेगळा असतो. सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने ३००० मीटर खाली जाऊन वर यायला दोन तास सहज लागतात. वर २८ अंशांचे पाणी असते, तेथे खाली ते २ अंशांच्या आसपास. परत येताना हव्या त्या खोलीवर एकेक नळकांडे बंद करतात आणि त्या खोलीचे पाणी त्यात अडकते.

आता खरी उलटतपासणी सुरू होते. यंत्राने सांगितले म्हणून शास्त्रज्ञ मान डोलावत नाहीत. संवेदक हळूहळू चुकू लागतो, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून जहाजावर सांगाडा आला की प्राणवायूचे नमुने आधी भरतात. बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. मग हंगेरीच्या विंकलरने १८८८ साली दिलेली पद्धत वापरतात. मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले की प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढे रासायनिक मापनाने नेमका आकडा मिळतो. क्षारताही प्रमाणित समुद्रजलाशी ताडून पाहतात. यंत्र आणि बाटली या दोघांची साक्ष जुळली, तरच आकडा नोंदीत जातो.

या मार्गानेच अरबी समुद्राचे सत्य बाहेर आले. १९३३-३४ साली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम झाली. तिने या समुद्रातला प्राणवायूचा तुटवडा नोंदवला. पुढे १९६० ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत सुमारे ४० जहाजांनी भाग घेतला. त्यात आपली 'किस्तना' ही होती. त्याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. सुमारे १५० मीटरपासून १००० मीटरपर्यंतचा हा थर का तयार होतो? मान्सूनच्या वाऱ्यांनी खालचे पोषक पाणी वर येते, सूक्ष्म जीव भरपूर वाढतात, मरून खाली बुडतात आणि कुजताना प्राणवायू खाऊन टाकतात. उत्तरेला जमीन असल्याने ताजे पाणी तिकडून येत नाही.

हा प्रश्न केवळ खोल समुद्राचा नाही. पावसाळ्यात हे कमी प्राणवायूचे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते. गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून याची मोजणी होत आली आहे. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' मध्ये दाखवून दिले की, किनाऱ्यालगतचा हा तुटवडा तीव्र झाला असून त्यातून तापमानवाढ करणारा नायट्रस ऑक्साइडही बाहेर पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे होड्या नुकत्याच समुद्रात उतरलेल्या असतात तेव्हा, तळाजवळची मासळी जीव वाचवायला दूर पळते. जाळे रिकामे येते. दोष त्या मच्छीमाराचा आहे काय? मुळीच नाही. पण यात निसर्गाचा वाटा किती, शेतातून वाहून येणाऱ्या खतांचा किती, तापणाऱ्या हवेचा किती, हे वर्षानुवर्षांच्या नोंदीशिवाय ठरत नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याची दाद नाही. नुकसानभरपाई मागायला गेलेल्या माणसाला हा न्याय फार महागात पडतो.

कोणी म्हणेल, आता जगभर सुमारे ४००० आर्गो तरंगयंत्रे आपोआप मोजतात, मग जहाजांवर खर्च कशाला? ती यंत्रे उपयुक्तच आहेत. परंतु त्यांतली बहुतेक २००० मीटरच्या खाली जात नाहीत, प्राणवायू मोजणारी थोडीच, आणि त्यांची चूक शेवटी जहाजावरच्या बाटलीशी ताडूनच पकडतात. शिवाय मच्छीमार जेथे जाळे टाकतो, त्या उथळ पाण्यासाठी ती बनवलेलीच नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कांदोळीसारखी नियमित मोजणी रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोरही झाली पाहिजे. हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था मासळी कोठे मिळेल याची सूचना स्थानिक भाषांतून देते, तशीच प्राणवायूची माहितीही मच्छीमारांच्या सहकारी संस्थांपर्यंत मराठीत आणि कोकणीत पोहोचली पाहिजे. ही मोजणी जनतेच्या पैशाने होते, तिच्यावर जनतेचा हक्क आहे. आमच्या मुलामुलींनीही या जहाजांवर शास्त्रज्ञ म्हणून चढले पाहिजे. समुद्र आपली साक्ष द्यायला तयार आहे; ती नोंदवून घेणारे आणि वाचणारे लोक आपल्यातून तयार झाले पाहिजेत.