हलगी मंडळीबाहेरच
उपासनेत पारंपरिक संगीत की आधुनिक, असा वाद निघाला की मी विचारतो, परंपरा कुणाची? १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने भजने रचली. परक्या चालींवर मराठी शब्द ताणण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण अहमदनगरकडच्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार-मांगांनी. आमच्या मंडळीत पेटी, तबला, टाळ आले. मांगाची हलगी नाही. मयताची, मरीआईची म्हणून ती बाटलेली! (वारकऱ्यांचा टाळ मात्र चालला.) खरे तर बाप्तिस्म्यानंतर माझ्या आजोबांनीच ती आढ्याला टांगली, हलगी म्हणजे गावकी, गावाच्या हाकेसरशी धावणे. त्यांची सुटका मी नाकारत नाही. आता पोरांचा ड्रमसेट पुलपिटाशेजारी बसला आहे. हलगी तापवायला जाळ लागतो, एवढीच का अडचण?