चौथा बोल्ट का अडतो?

ट्रॅक्टरच्या मागे हिचची जाड पाटी बसवायची आहे. भोकं चार. पहिला बोल्ट विनातक्रार आत जातो. दुसऱ्यासाठी पाटी जराशी फिरवावी लागते. तिसरा कुरकुरतो आणि चौथा हटून बसतो. भोकाला डोळा लावला तर मागच्या पाटीची चंद्रकोर दिसते, लोखंडाची, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. कापसाच्या हंगामाच्या तोंडावर मोताळ्यात ज्यांची ट्रॉली दुरुस्तीला लागते, त्यांना ही चंद्रकोर नवी नाही. आणि मग ठरलेलं वाक्य येतं: “भोकं चुकीची पाडली त्यानं.”

भोकं पाडणाऱ्याचा दोष असेलही, पण चौथ्याच बोल्टाने अडावं यामागे भूमिती आहे. एका पाटीवर दुसरी पाटी ठेवली की तिला तीनच हालचाली करता येतात: आडवं सरकणं, उभं सरकणं आणि फिरणं. पहिला बोल्ट दोन्ही सरकणं काढून घेतो. दुसरा फिरणं काढून घेतो. तिसऱ्या-चौथ्याची पाळी येईपर्यंत पाटीकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं. आता भोकांची जागा अगदी केसाबरहुकूम जुळायला हवी, आणि केसाबरहुकूम तर जगातला कुठलाच कारखाना भोकं पाडत नाही.

मग लाखो यंत्रं जुळतात तरी कशी? भोक मुद्दाम मोठं पाडतात म्हणून. पोलादी बांधकामाच्या आय.एस. ८०० या भारतीय संहितेत १६ मिलिमीटरच्या बोल्टाला १८ मिलिमीटरचं भोक सांगितलंय. दोन्ही पाट्यांत असं भोक असेल तर त्यांचे मध्य २ मिलिमीटरपर्यंत चुकले तरी बोल्ट जातो. ही फट म्हणजे ढिसाळपणा नव्हे. एका गावात कापलेली पाटी दुसऱ्या गावातल्या ट्रॅक्टरला लागते, ती या फटीच्या जोरावर.

कधी कधी भोक बिचारं निर्दोष असतं. आपल्याकडे अजून सुताचा हिशेब चालतो. आठ सुतांचा एक इंच, म्हणून पाच सुती बोल्ट १५.९ मिलिमीटरचा. डोळ्यांना तो आणि १६ मिलिमीटरचा बोल्ट सारखाच. पण पाच सुतीला एका इंचात ११ आटे, म्हणजे दोन आट्यांत २.३ मिलिमीटर अंतर. १६ च्या नेहमीच्या बोल्टाला बरोबर २. एकाचा नट दुसऱ्यावर चढवला की एक-दोन फेरे फिरून जाम होतो आणि बोलणी भोकाला बसतात.

दुसरा नाहक बदनाम म्हणजे ऊन. आपलं ऊन कडक आहे, मान्य. पण ३० अंशांच्या फरकाने एक मीटर लोखंड जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर लांबतं. फूट-दीड फुटाच्या पाटीचं त्याने काही बिघडत नाही. खरा गुन्हेगार वेल्डिंग. वितळलेला धातू थंड होताना आखडतो आणि शेजारचं लोखंड आपल्याकडे ओढतो. आधी भोकं पाडून नंतर कोन वेल्ड केला, तर बरोबर मापाची भोकंही मिलिमीटरभर, कधी जास्तच, जागा सोडतात. म्हणून जाणता कारागीर सगळे बोल्ट लावून, पाटी जागेवर धरून आधी टाके मारतो आणि पूर्ण वेल्ड नंतर ओढतो.

उन्हा-थंडीचा हिशेब खरोखर लागतो तो मोठ्या कामात. स्कॉटलंडमधला फोर्थचा रेल्वेपूल १८९० मध्ये सुरू झाला. आदल्या वर्षी मधल्या गर्डरची टोकं जोडताना थंडीने पोलाद आखडलं होतं आणि भोकं जुळेनात. तेव्हा पोलादालगत चक्क जाळ करण्यात आला! पोलाद लांबलं, बोल्ट आत गेले. सेंट लुईसला मिसिसिपीवरच्या पुलाचं दुखणं उलटं होतं. १८७३ मध्ये तिथली कमान उकाड्याने लांबली आणि शेवटचा तुकडा बसेना. कमानीला बर्फ लावून पाहिला, भागलं नाही. शेवटी पुलाचे अभियंता जेम्स ईड्स यांनी आखलेला, आटे फिरवून लांबी कमी-जास्त करता येईल असा सांधा वापरून ती बंद करण्यात आली. हीच युक्ती तुमच्या ट्रॅक्टरच्या मागेही आहे: वखर किंवा कल्टिव्हेटर जोडताना आपण जी टॉप लिंक फिरवून लांब-आखूड करतो, तीच.

आपल्या पाटीला जाळ नको नि बर्फही नको. क्रम सांभाळला की पुष्कळ काम होतं. दुकानातला मिस्त्री पोऱ्याला सांगतो, “पह्यले समदे धरव, मंग आवय.” चारही बोल्ट दोन-तीन आटे धरेपर्यंतच लावायचे, पाटी लोंबती ठेवायची. अडलेल्या भोकात निमुळती पहार घालून हलकेच रेटायचं, चंद्रकोर मिटली की शेजारच्या भोकात बोल्ट. आवळायचे ते समोरासमोरचे, थोडे थोडे. भोकं जुळली का हे पाहायला बोट मात्र कधीही आत घालू नका. पाटी घसरली की दोन भोकं मिळून कात्री होते.

तरीही मिलिमीटरभर कमी पडलं तर गोल कानशीने एका पाटीतलं भोक लांबट करावं आणि त्यावर जाड वायसर टाकावा. त्याहून जास्त फरक असेल तर भोक वेल्डने भरून नव्याने ड्रिल मारणं बरं. घाईत लोक गॅस कटर लावतात. मला ते पटत नाही. कटरने भोक वेडंवाकडं होतं, कडेला गुठळ्या राहतात, बोल्टाचं डोकं सपाट टेकत नाही. घणाने बोल्ट ठोकून घालणंही तसंच, आटे मरतात.

डोकं सपाट टेकण्याला एवढं महत्त्व का, हे कळलं तेव्हा मी चकित झालो. आपल्याला वाटतं, बोल्ट खुंटीसारखा भोकाच्या कडेला अडकून ट्रॉली ओढतो. चांगल्या आवळलेल्या जोडात तो भोकाच्या कडेला टेकलेलाही नसतो. तो फक्त दोन पाट्या एकमेकींवर दाबून धरतो, आणि ओढ झेलतं ते पाट्यांमधलं घर्षण. डोक्यावर ८.८ लिहिलेला १६ मिलिमीटरचा हायटेन्शन बोल्ट नीट आवळला तर सुमारे सात टनांनी दाबतो. कोरड्या, साफ लोखंडात घर्षण दाबाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं. म्हणजे एका बोल्टामागे जवळपास दीड टन, चारांमागे साडेपाच टन. पाच टनांची ट्रॉली वीसास एक अशा चढावर न्यायला चढापुरती ओढ लागते अडीचशे किलो. धक्के, खड्डे, राजूर घाट उतरताना मागून येणारा रेटा, सगळं धरलं तरी हाताशी बरंच उरतं.

आणि हे सात टन येतात कुठून? बोल्ट ताणला जातो त्यातून. पाट्यांची जाडी मिळून ४० मिलिमीटर असेल तर तो ताणतो जेमतेम ०.०८ मिलिमीटर. माणसाच्या केसाएवढा! रंगाचा एक थरही साधारण तेवढाच असतो. पाट्यांमध्ये रंग, गंज, माती राहिली आणि चार खड्ड्यांत ती दबली की ताण गेला, दाब गेला, पाट्या एकमेकींवर सरकू लागल्या. अशा आडव्या सरकण्याने नट आपोआप सैल होतो, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं.

तेव्हा सांध्यावरचा रंग आधी खरवडून काढा, आणि पहिली खेप मलकापूरला टाकून ट्रॉली परत आली की चारही नटांना पुन्हा एकदा पाना लावा. थोडा फेरा सापडेलच.