संगणकजालावरील वाहतुकीचे निरीक्षण : साधननिवडीचा विचार

छत्तीसगडमधील अभनपूर येथे धमतरी आणि राजिम या दोन बाजूंनी येणारे नॅरोगेज लोहमार्ग एकत्र होऊन रायपूरकडे जात. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातील ते अडीच फुटी रूळ आता इतिहासजमा झाले असून २०२५ पासून रायपूर-अभनपूर मार्गावर ब्रॉडगेजची प्रवासी गाडी धावू लागली आहे. तथापि संगणकजालावरील वाहतुकीचे निरीक्षण कोठे व कसे करावे या प्रश्नाला ते जुने जंक्शन चांगला दृष्टान्त पुरविते. दोन्ही फाट्यांवरून रायपूरला जाणारा माल मोजावयाचा तर राजिमला बसून भागत नाही, अभनपूरलाच बसावे लागते. तेथेही वाघिणींची संख्या आणि त्यांवरील चिठ्ठ्या एवढे पाहिले की काम होते. पोती उसविण्याचे कारण पडत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाठ फिरवावी, अशी आता स्थिती राहिलेली नाही. शोधगंगा हा प्रबंधसंग्रह, इन्फ्लिबनेटची २०१० मध्ये सुरू झालेली एन-लिस्ट योजना, प्रकाशकांचे नियतकालिकसंच यांमुळे वाचनाचा मोठा भाग संस्थेच्या अंतर्गत जालावरूनच होतो. अशा जालाचे निरीक्षण हे काही अंशी वाचकाचेच निरीक्षण होय.

मुंबईत १९८६ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांच्यात संगणकीय पत्रव्यवहार सुरू झाला, आणि १९८९ मध्ये त्या केंद्रातून अमेरिकेपर्यंत सेकंदाला ९,६०० बिट वेगाचा मार्ग जोडला गेला. आजच्या युनिकोडच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांचे असते. त्या हिशेबाने त्या मार्गावरून सेकंदाला जेमतेम ४०० चिन्हे गेली असती. अशा मार्गावर नजर ठेवणे अवघड नव्हते. पुढे कार्यालयांतून व महाविद्यालयांतून जी जाले उभी राहिली, त्यांत प्रथम हब हे साधन असे. हब आलेला प्रत्येक संदेश सर्व तारांवर उच्चारतो, त्यामुळे कोणत्याही एका तारेवर कान ठेवला की सारे ऐकू येई. त्याच्या जागी आलेला स्विच मात्र संदेश ज्याचा त्यालाच पोचवितो. परिणामी, निरीक्षणासाठी आणलेला संगणक स्विचच्या साध्या पोर्टला जोडला तर त्याला स्वतःची वाहतूक आणि सर्वांना उद्देशून केलेल्या घोषणा एवढेच दिसते. खरेदी करून पस्तावण्याचे प्रसंग बहुधा येथेच येतात.

यावर उपाय दोन. पहिला, प्रतिबिंबनाची सोय असलेला स्विच घेणे; तो निवडलेल्या पोर्टवरील वाहतुकीची प्रत निरीक्षकाच्या पोर्टकडे धाडतो. यात एक मेख आहे. एक गिगाबिटच्या दुव्यावर दोन्ही दिशांनी मिळून दोन गिगाबिट वाहू शकतात. प्रत मात्र एकाच गिगाबिटच्या वाटेने जाते, आणि गर्दीच्या वेळी उरलेले गळून पडते. दुसरा उपाय म्हणजे तारेतच बसविण्याचा टॅप. तो दोन्ही दिशांच्या प्रती वेगवेगळ्या काढतो, पण बसविताना दुवा तोडावा लागतो आणि खर्चही वाढतो. लहान महाविद्यालयाला पहिला उपाय पुरेसा आहे, मात्र तो बाहेर जाणाऱ्या मुख्य दुव्यावर, म्हणजे जालाच्या अभनपूरवर, योजावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न काय टिपावे हा आहे. १९८८ मधील टीसीपीडम्प आणि १९९८ मध्ये इथिरिअल या नावाने आलेले, २००६ पासून वायरशार्क म्हणून ओळखले जाणारे साधन संदेश अक्षरशः उलगडून दाखवितात. दोष शोधताना त्यांना पर्याय नाही. परंतु सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने भरून वाहणारा दुवा अखंड टिपला तर एका दिवसात सुमारे १.०८ टेराबाइट साठा होतो, आणि त्यातील बराच मजकूर आज सांकेतिक कुलपात असल्यामुळे वाचताही येत नाही. उलट नेटफ्लो, किंवा २००८ मध्ये प्रमाणित झालेला आयपीफिक्स, या पद्धतींत कोणी, कोणाशी, केव्हा, किती बाइटांचा व्यवहार केला एवढीच नोंद राहते. एखाद्या संगणकावरून शेकडो लेख एकदम उतरविले जाऊन प्रकाशकाने साऱ्या संस्थेचा प्रवेश रोखला, तर मूळ शोधण्यास ही नोंद पुरते.

ही नोंदही निरुपद्रवी नव्हे. मजकूर झाकलेला असला तरी कोणत्या स्थळाला भेट दिली हे पुष्कळदा उघडे राहते, आणि कोणता संशोधक रात्री कोणत्या वादग्रस्त ग्रंथाच्या संग्रहात रमतो हे त्यावरून ताडता येते. पूर्वीच्या ग्रंथपालाजवळही देवघेवीची वही असे, पण ग्रंथालयात बसून चाळलेले पुस्तक तीत चढत नसे. येथे चाळणेही चढते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम संमत झाला, तेव्हा या प्रश्नाला आता विधीचेही अधिष्ठान आहे. म्हणून प्रथम स्विचमधील साधे गणक वाचावेत. कोंडी कोठे होते हे पुष्कळदा तेवढ्यावरूनच कळते. त्यानंतर प्रवाहनोंदी घ्याव्यात, आणि संपूर्ण टिपण केवळ ठरलेल्या दोषासाठी, ठरलेल्या तासांपुरते करावे. नोंदी किती दिवस राखावयाच्या, त्या कोणी पाहावयाच्या आणि केव्हा पुसावयाच्या, हे साधनाच्या मागणीपत्रातच लिहावे. त्या मागणीपत्रावर ग्रंथपालाची आणि विभागप्रमुखाची स्वाक्षरी असावी.