माशांच्या घरचे पाणी

दिवाळीच्या खरेदीत आकाशकंदील आणि पणत्यांच्या जोडीला हल्ली काचेची एक पेटीही घरी येऊ लागली आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच; आत वाळू, दोन पाणवनस्पती आणि रंगीत मासे. भाऊबीजेपर्यंत सारे घर तिच्यापुढे बसलेले असते. पुढच्या आठवड्यात एक मासा पोट वर करून तरंगतो, पाठोपाठ दुसरा. मुले रडतात आणि वडीलमाणसे निकाल देतात, "आपल्या खानदेशचे पाणीच वाईट!"

वाचकहो, गेली बारा वर्षे मी जळगावात मासे पाळतो आहे. आपल्या पाण्याचे वकीलपत्र घेऊनच आज लेखणी उचलली आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली मत्स्यालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले. पेटी थोरामोठ्यांची असो की तुमची-आमची, तिचा प्रश्न एकच. मासा ज्या पाण्यात जेवतो, त्याच पाण्यात त्याची घाणही साचते. त्या घाणीतून अमोनिया होतो, आणि तो विषारी. नदीत तो वाहून जातो; पेटीतून जाणार कुठे?

त्याची विल्हेवाट लावणारे जिवाणू सृष्टीत आहेत. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की याने 1890 च्या सुमारास त्यांचा छडा लावला. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही माशाला घातकच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य. हे चाकर वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर बिऱ्हाड करतात. पण बिऱ्हाड थाटायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांचे काम आपणच करायचे. पाणी बदलणे ते हेच.

धुळ्याच्या माझ्या ताईने गेल्या वर्षी पेटी मांडली, तेव्हा तिच्या सासूबाई कडाडल्या, "मानसेसले पेवाले पानी नही, नि मासासले आंघोय!" रोज नळ येत नसलेल्या घरात हा सवाल रास्तच होता. म्हणून मी त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता या पेटीत सुमारे 50 लिटर पाणी मावते. सगळे कधीच बदलायचे नाही. फक्त चौथा हिस्सा, म्हणजे मध्यम हंडाभर. पहिले सहा आठवडे दर तिसऱ्या दिवशी, पुढे आठवड्यातून एकदा. काढलेले पाणी मोरीत न ओतता तुळशीला किंवा परसातल्या केळीला घालायचे. त्यातले नायट्रेट म्हणजे झाडांचे खतच. आजींची तुळस त्या वर्षी अशी फोफावली, की आता पाणी काढायची आठवण त्याच करून देतात!

आता पाण्याविषयी. वाघूरचे असो वा तापीचे, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि जिवाणूंनाही मारतो. पाणी पसरट, उघड्या भांड्यात दिवसभर ठेवले, की तो उडून जातो. नळ आला की कालचे 'शिळे' पाणी ओतून देण्याची आपल्याकडे चाल आहे. माशांना हवे ते नेमके तेच! मात्र तांब्याच्या हंड्यातले नको. तांबे माशांना बाधते.

काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी क्षारांचे. त्यात डाळ लवकर शिजत नाही, पण गप्पी मासा आनंदाने राहतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवतापवाले विहिरींत सोडतात, तोच हा. सुरुवात तीन-चार गप्पींनी करावी. दिवसाला चिमूटभर खाणे पुरे.

वैशाखात पारा 45 अंशांकडे चढतो, तेव्हा पेटीतले पाणी भराभर आटते. पुष्कळजण वरून तेवढी भर घालतात आणि पाणी बदलले असे समजतात. तसे नव्हे. वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार आणि घाण मागेच उरतात. उसाचा रस आटून काकवी व्हावी, तसे पाणी दाट होत जाते. म्हणून आधी थोडे काढावे, मग घालावे. गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी एकदम ओतू नये. रात्रभर घरात ठेवून निववावे. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप चालू हवा.

शेवटची विनंती गृहिणींना. दिवाळीच्या साफसफाईत तांब्यापितळेची भांडी खुशाल लखलखीत करा. पण पेटीतली वाळू आणि स्पंज नळाखाली घासू नका. महिनाभर खपून नांदते झालेले जिवाणूंचे बिऱ्हाड एका झटक्यात उठेल. स्पंज पेटीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळावा, काच पुसावी, आणि बाकीचे काम त्या न दिसणाऱ्या चाकरांवर सोपवावे. ते पगार मागत नाहीत आणि दिवाळीची सुटीही घेत नाहीत!